चौदाव्या दिवशी घरी

१७ फेब्रुवारी १९७३, शनिवार

फॉर्म आला! आठ पानं, सगळा इंग्रजीत. तीनदा वाचला तेव्हा कुठे नीट कळला. मॅट्रिकचं सर्टिफिकेट, नर्सिंगचा डिप्लोमा, चार वर्षांच्या नोकरीचा दाखला, वरिष्ठांचं शिफारसपत्र — हे सगळं आहे किंवा मिळेल. मेख शेवटच्या पानावर. केस स्टडी! एकच पेशंट, दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत, निदान चौदा दिवस. सेवा अर्जदारानं स्वतः केलेली हवी आणि तिची रोजची नोंद हवी. अर्ज दहा मार्चच्या आत विद्यापीठात पोचला पाहिजे.

चौदा दिवस! शिरूरच्या आमच्या या वीस खाटांच्या प्रसूतिगृहात चौदा दिवस राहतं कोण? बाळंतीण पाचव्या दिवशी गाठोडं बांधते. म्हणजे आता कुणीतरी चांगलंच आजारी पडावं म्हणून मी वाट बघत बसायचं. काय पण विद्या!

सलोमीबाईंना दाखवला. आमच्या मुख्य सिस्टर. केडगावच्या मिशनमध्ये लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथेच शिकल्या, लग्न केलं नाही. चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "भर. विचार करत बसू नकोस. माझ्या वेळी असं काही असतं तर मी मुंबईला पायी गेले असते."

बी.एस्सी. नर्सिंग. ही डिग्री असली की नर्सिंगच्या शाळेत शिकवता येतं. मला शिकवायचं आहे. कुणाला सांगितलं नाही अजून — फक्त आबांना, माझ्या वडिलांना.

२० फेब्रुवारी

आज सलोमीबाई भडकल्या. साडेचार वाजता वॉर्डात आल्या तर तक्त्यांवर संध्याकाळच्या सहाचा ताप लिहून तयार! बोलणी बसली माझ्याबरोबरच्या सिस्टरला, रतनबाईला, कारण ड्यूटी तिची होती. पण खरं सांगायचं तर हे सगळ्याच करतो. वीस खाटा, दोन थर्मामीटर, एक सिस्टर. ज्या बायकांना ताप नसतो त्यांचा दुपारचा आकडा सहाच्या रकान्यात उतरवून मोकळ्या होतो. मीही. चार दिवस जिचं अंग थंड आहे तिला पाचव्या दिवशी संध्याकाळी कुठून येणार ताप!

"तक्ता म्हणजे निबंध नाही, मनातलं लिहायला," सलोमीबाई म्हणाल्या. रतनबाई मागे जाऊन रडली. मी तिला चहा करून दिला आणि गप्प बसले.

२२ फेब्रुवारी

दुपारी दोनला खडीच्या ट्रकमधून एक बाळंतीण आली. इनामगावची. धुरपदा नाव, वय वीस, पहिलटकरीण. आठव्या महिन्यापर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडत होती म्हणे. काल घरीच मुलगी झाली, पण वार पडेना. वाटभर रक्त गेलेलं. अंग पांढरंफटक, ओठसुद्धा.

डॉक्टरांनी वार काढली. पुण्याहून रक्त आणण्याइतका वेळ नव्हता, सलाइनवर धरली. दोन तास मी तिचं मनगट सोडलं नाही. साडेपाचला नाडी नीट हाताला लागली आणि मला रडूच आलं.

आणि मग लगेच काय मनात यावं? — हिला चौदा दिवस नक्की लागतील. शी! किती हलकं मन आहे माझं.

२३ फेब्रुवारी

धुरपदाची आई बरोबर आहे. सोजरबाई. उंच, वाळलेली, नजर घारीसारखी. बाळाला मांडीवरून खाली ठेवत नाही. सकाळी मला विचारलं —

"सिस्टर, आडनाव काय म्हणायचं?"

"ओहोळ."

"म्हंजी दौंडाकडचं का?"

"हो. वडील रेल्वेत आहेत. लोको शेडला."

एवढ्यावर सगळं कळलं त्यांना. मी पाण्याचा पेला पुढे केला तर, "ठिवा तितं." मग कळशी उचलून स्वतः नळावर गेल्या. लेकीच्या शिरेत सुई मीच खुपसली आहे, ती चालते! मला राग यायला हवा होता. हसूच आलं.

२५ फेब्रुवारी

धुरपदाला ताप १०२. पेनिसिलिन चालू. दर दोन तासांनी ओल्या फडक्यानं अंग पुसलं. डॉक्टर आणि सलोमीबाई दोघांनाही विचारून केस स्टडीची वही सुरू केली. धुरपदालाही विचारलं. मान हलवली, काय कळलं कुणास ठाऊक.

२७ फेब्रुवारी

ताप उतरला. ९९. आज ती पहिल्यांदा आपण होऊन बोलली, आणि बोलायला लागली ती थांबेना.

त्यांच्या गावाला नदीकाठी जुनं टेकाड आहे. दर हिवाळ्यात पुण्याचे लोक येऊन ते खणतात. मागच्या साली ती तिथे पाट्या उचलायला होती. "दोन मडकी घावली, सिस्टर. तोंडाला तोंड लावल्याली. आन् आत लेकराची हाडं! तीन हजार वर्सांची हायत म्हणलं सायब. घरातच, भुईखाली पुरायचे. बाकीच्या बाया भ्याल्या. मला न्हाई भ्या वाटलं. मी म्हणलं, आईला लांब ठिवाया जीव झाला नसंल, दुसरं काय."

मग बाळाकडे बघून म्हणाली, "तवा ही पोटात बी नव्हती."

हे केस स्टडीत कुठे लिहू? त्यांना आहार, औषध, नाडी, ताप हवंय. इथे लिहून ठेवलं.

१ मार्च

ताप नाही. ९८.४. दोन दिवस झाले. मऊ भात खाल्ला, बाळाला पाजलं. दूध चांगलं आहे.

आणि आणखी एक! मी माझ्यासाठी चहा आणला होता. सोजरबाई कपाकडे बघून म्हणाल्या, "अर्धा मला वता की. का तुमचा तुमालाच पायजे?" बशीतून प्यायल्या. मीच हातानं दिलेल्या बशीतून. मी उगाचच चादरी सारख्या करत राहिले.

३ मार्च

सलोमीबाईंनी शिफारसपत्र दिलं. त्यांच्या त्या टोकदार इंग्रजी अक्षरात — 'निरीक्षणात अत्यंत दक्ष. हिच्या नोंदीवर मी डोळे झाकून विश्वास ठेवते.' वाचून कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना म्हटलं, जरा जास्तच झालं. "डोळे झाकून मी कधी काही करत नाही," म्हणाल्या. "तुझ्या बाबतीत केलंय. तेव्हा जप."

धुरपदा वही मागून बघते. पानं उलटते. "ह्ये समदं माज्यावर? मी साळंत न्हाई गेले कवा. माज्यावर कुणी कागद लिवला, ह्येच लई झालं." येत्या बुधवारी, सात तारखेला, तिला घरी सोडायचं ठरलं. नेमका चौदावा दिवस! देव मानत असते तर नारळ फोडला असता.

५ मार्च, सोमवार

दुपारी दोन ते नऊ ड्यूटी. अर्ज उद्या सकाळच्या टपालात पडायलाच हवा, नाहीतर दहाच्या आत पोचत नाही. आणि धुरपदा घरी जाणार परवा! मग काय, शेवट आधीच लिहून टाकला. रतनबाई म्हणाली, "दोन दिवसांनी काय वेगळं होणार आहे?" खरंच. वॉर्डात शांतता होती. सहाचे तक्ते भरले आणि ड्यूटीरूममध्ये बसून सगळं सुवाच्य उतरवलं. मध्येच सोजरबाई दाराशी येऊन गेल्या, धुरपदाला थंडी वाजते म्हणून दुसरं पांघरूण हवं होतं. आयाला द्यायला सांगितलं.

शेवट मला फार आवडला. इथे मराठीत उतरवून ठेवते — 'चौदाव्या दिवशी पेशंट स्वतःच्या पायांनी, बाळ छातीशी धरून, आईबरोबर घरी गेली. दारापाशी ती वळून हसली. परिचारिकेला याहून मोठं पारितोषिक नाही.'

दारापाशी वळून हसली! नक्की हसेल. हसल्याशिवाय मी सोडणारच नाही.

६ मार्च

सकाळी रजिस्टर केलं. पावती डब्यात.

दोनला वॉर्डात गेले तर धुरपदाच्या खाटेभोवती पडदा. पहाटेपासून हुडहुडी. ताप १०५.

७ मार्च

चौदावा दिवस. ताप हटत नाही. बडबडते आहे. पाट्या उचला म्हणते, सायब रागावतील म्हणते. पुण्याला न्यायचं तर वाटेतच जाईल, म्हणून डॉक्टर हलवू देत नाहीत. तक्ता बघून ते सलोमीबाईंना म्हणाले, "काल पहाटे चढला. परवा संध्याकाळी नॉर्मल होता की! निदान आदल्या रात्री कळलं असतं तर पेनिसिलिन पुन्हा सुरू केलं असतं."

सलोमीबाईंनी तक्ता हातात घेतला. "पाच तारखेला संध्याकाळी कोण होतं?"

"मी."

"मग बरोबरच असणार," म्हणाल्या आणि तक्ता परत अडकवला.

८ मार्च

धुरपदा गेली. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी.

९ मार्च

काल लिहवलं नाही. आजही लिहवत नाही, पण न लिहून तरी काय.

शेवटची तयारी मी केली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. केस विंचरले. केसांत अजून खडीची धूळ होती, मुळापाशी. पंधरा दिवस मी तिला पुसत होते आणि ती धूळ मला दिसली नव्हती.

सोजरबाई रडल्या नाहीत. गाडीत लेक, आणि मांडीवर नात. जाताना मला म्हणाल्या, "तुमी लई केलं, सिस्टर." मी त्यांचे पाय धरले. त्यांना वाटलं, दुःखानं.

१९ मार्च

विद्यापीठाला कळवायला हवं, पेशंट दगावली म्हणून. पत्र लिहायला बसले. 'महोदया' इतकं लिहिलं आणि दौत कोरडी आहे असं स्वतःला सांगून उठले. दौत भरलेली होती.

१४ एप्रिल

जयंतीला दौंडला घरी. आबांनी नवा सदरा घातला होता. रेल्वे कॉलनीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते — "पोरगी युनवरशिटीत चाललीया." मी म्हटलं, आबा, अजून बोलावणंसुद्धा नाही. "येतंय की! तुजं लिवलेलं कोण नाकारंल?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू जेवत न्हाईस का गं तिकडं?"

९ मे

मुलाखतीचं पत्र. २१ मे, सोमवार. केस स्टडीच्या जोरावर बोलावलंय, असं स्पष्ट लिहिलं आहे. सलोमीबाईंनी पत्र वाचून चष्मा पुसला.

आता सांगू. तोंडी सांगणं सोपं पडेल. मुलाखतीतच सांगेन.

२१ मे

दौंडहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले, सकाळी पोचले. लांब टेबल, पलीकडे तिघी जणी. पहिलीनं नाव वाचलं आणि भुवई उचलली. "तुम्ही बौद्ध ना? मग म्हाळसा कसं?"

"नाव आधी ठेवलं बाई. धम्म नंतर घेतला."

तिघीही मोकळ्या हसल्या. मलाही बरं वाटलं. मग मधल्या वयस्कर बाईंनी माझी केस स्टडी पुढे ओढली. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा. म्हणाल्या, "माणूस दिसतं यात, फक्त रोग नाही. असं लिखाण आमच्याकडे फार कमी येतं." आणि मग अगदी मायेनं विचारलं, "कशी आहे आता ही धुरपदा?"

मी म्हटलं, "बरी आहे."

दोनच शब्द! जिभेला जराही अडखळले नाहीत. जिना उतरताना कठड्याला धरून उभी राहिले. एक शिपाई पाणी देऊ का म्हणाला.

९ जून, शनिवार

निवड झाली. नऊ जुलैला हजर व्हायचं.

सलोमीबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. चार वर्षांत त्यांनी कधी कुणाला असं हात लावलेला पाहिला नाही. म्हणाल्या, "शिकून ये आणि पोरींना शिकव. थर्मामीटर कसा धरायचा इथपासून शिकव."

मी नुसती हो हो करत होते.

१२ जून

दौंड. आबांनी माझ्यासाठी पत्र्याची ट्रंक घेतली आहे. शेडमधल्या रंगाऱ्याकडून तिच्यावर पांढरं नाव घालून घेतलंय — म्हाळसा बन्सी ओहोळ, बी.एस्सी.

मी त्यांच्यावर ओरडले. "झालं नाही अजून! व्हायच्या आधी कशाला लिहिता? पुसा ते!" कधी आवाज चढवला नव्हता मी आबांवर. ते बिचारे रॉकेलचा बोळा घेऊन बसले. 'बी.एस्सी.' पुसलं. रंग ओला होता, तो नावावरही पसरला. "दोन वर्सांनी तर घालायचंच हाय," एवढंच म्हणाले. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले.

१६ जून, शनिवार

सोजरबाई आल्या. बाळाला सुई टोचायला. बाळाचं नाव साखर ठेवलंय, पण सगळे साखरी म्हणतात. शेळीच्या दुधावर आहे. अंग धरलंय. माझ्या मांडीवर बसून माझं घड्याळ चोखत होती. डोळे धुरपदाचे.

जायला उठल्या आणि पुन्हा बसल्या. "सिस्टर, धुरपदा सांगायची, तुमी तिच्यावर कागद लिवला म्हून. वाचून दावा की."

टाळता आलं नाही. कच्चा कागद माझ्या पेटीत होता. इंग्रजी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. नाडी, ताप, मऊ भात, पहिल्यांदा बाळाला पाजलं तो दिवस. सोजरबाई मान डोलवत होत्या. शेवट आला. थांबले.

"फुडं?"

वाचलं. स्वतःच्या पायांनी, बाळ छातीशी धरून, दारापाशी वळून हसली.

मी म्हटलं, मावशी, हे मी आधीच लिहिलं होतं. टपाल चुकू नये म्हणून. दोन दिवस आधी.

"आसूं द्या," म्हणाल्या. "तुमच्या कागदात तरी घरी आली." आणि मग, "मला मराठीत लिवून द्या. मला काय वाचाया येत न्हाई. साखरी साळंत गेली की वाचील. तिला आईचं दुसरं काय हाय?"

बसून लिहून दिलं. सगळं. शेवटासकट, पुन्हा एकदा, मराठीत, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. त्यांनी घडी करून पोलक्यात ठेवला.

१७ जून

रविवार. दिवसभर उठले नाही.

२३ जून

सलोमीबाई मला त्यांचं घड्याळ देत आहेत. सेकंदकाटा असलेलं, मिशनमधल्या मडमेनं दिलेलं. "नाडी याच्यावरच मोजायची." मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, संकोच.

२७ जून

आज सलोमीबाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिले. "काय गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, रजेचं विचारायचं होतं. कसली रजा? मला आठवेना.

साखरी मोठी होईल. सहा-सात वर्षांनी पाटी घेऊन बसेल, अक्षर लावून लावून वाचेल — दा-रा-पा-शी. आणि विचारेल, मग माझी आई हसत घरी आली होती तर गेली कशानं?

१ जुलै, रविवार

पाच मार्चला संध्याकाळी सहाला मी धुरपदाचा ताप पाहिलाच नव्हता. दुपारचा आकडा सहाच्या रकान्यात उतरवला आणि तिचा शेवट लिहीत बसले. हे मी या वहीतसुद्धा आजपर्यंत लिहिलं नाही.

काल सलोमीबाईंना सांगितलं, विद्यापीठाला लिहून रजिस्टर केलं. आज इनामगावला गेले. सोजरबाईंनी आपल्या पेल्यात पाणी दिलं, साखरीला माझ्या मांडीवर ठेवलं, आणि मग मी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी आले व्हते की दाराशी."

साखरीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. मी कागद परत मागितला. तो दिला नाही.